तातडीची गर्भनिरोधक गोळी: मात्रा कशी घटली आणि माहिती कुठे अडली

असुरक्षित संबंधानंतर गर्भधारणा टाळण्यासाठी आज लेव्होनॉर्जेस्ट्रेल या कृत्रिम संप्रेरकाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन मॉरिस आणि गर्ट्रूड व्हॅन वॅगेनेन यांनी बलात्कारपीडित स्त्रियांसाठी जो उपचार वापरला, तो फार कठोर होता. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या मोठ्या मात्रा सलग काही दिवस घ्याव्या लागत, आणि मळमळ व उलट्यांनी त्या स्त्रिया बेजार होत. त्यासाठी वापरले जाणारे डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे औषध गरोदरपणी घेतलेल्या मातांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७१ मध्ये उघड झाले, तेव्हा दुसरा मार्ग शोधण्याची निकड वाढली.

कॅनडातील डॉ. अल्बर्ट युझ्पे यांनी १९७०च्या दशकात नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांतील दोन्ही संप्रेरके (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन) एकत्र वापरून १२ तासांच्या अंतराने दोनच मात्रा देण्याची पद्धत मांडली. त्रास कमी झाला, पण संपला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात युझ्पे पद्धतीने सुमारे ५० टक्के स्त्रियांना मळमळ झाली, तर केवळ लेव्होनॉर्जेस्ट्रेल घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. उलटीचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आत आले आणि गर्भधारणाही कमी झाल्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दोन मात्रा एकदम घेतल्या तरी परिणाम तोच राहतो, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. आजच्या गोळीची सुरक्षितता अशी टप्प्याटप्प्याने, स्त्रियांनी सोसलेल्या त्रासाची नोंद ठेवून मिळवलेली आहे.

भारतात ही गोळी २००२-०३ मध्ये कुटुंबकल्याण कार्यक्रमात आली आणि २००५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली. २००७ मध्ये सिप्ला कंपनीने आणलेल्या आय-पिलच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनी ती घराघरांत पोहोचवली. हा निर्णय योग्यच होता, कारण संबंधानंतर गोळी घेण्याची ७२ तासांची मुदत धावत असताना दवाखान्याची वेळ गाठणे अनेकींना शक्य नसते, आणि गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी ती अधिक परिणामकारक ठरते. परंतु दुकानातून गोळी मिळू लागली, तशी तिच्याविषयीची माहिती मिळू लागली नाही. गर्भपाताच्या गोळ्यांनाही भारतात २००२ मध्येच मान्यता मिळाली, आणि या दोन्हींची गल्लत आजही सर्रास होते. वास्तविक लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया लांबवते. गर्भ राहिला असल्यास ते तो पाडत नाही.

गोळीनंतर डोके दुखणे, स्तन हुळहुळे होणे, मधेच थोडे रक्त जाणे, पाळी काही दिवस पुढेमागे होणे हे परिणाम बहुधा आपोआप थांबतात. घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर मात्रा पुन्हा घ्यावी लागते, आणि पाळी आठवड्याहून अधिक लांबली तर गर्भधारणेची तपासणी करावी. ही गोळी नेहमीच्या साधनाची जागा घेऊ शकत नाही. वारंवार घेतल्यास पाळी अनियमित होते आणि तिच्यामुळे एचआयव्हीपासून संरक्षणही मिळत नाही.

एक गोष्ट औषधविक्रेत्याने विचारायलाच हवी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात या गोळीचा प्रभाव घटतो. अशा स्त्रीने वेळ न दवडता डॉक्टरांकडे जाऊन तांबी बसवून घेण्याविषयी विचारावे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा गोळीपेक्षाही खात्रीचा उपाय आहे, आणि या औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाही.