राष्ट्रीय उद्यानांतील एल्क-छायाचित्रण

एल्क या मोठ्या हरणाची छायाचित्रे त्याच्या मोकळ्या अधिवासात, त्याला न बुजवता, टेलिफोटो म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपण्याची पद्धत. येथे एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतील वापिटी (सर्व्हस कॅनडेन्सिस). युरोपात हेच नाव मूस या दुसऱ्या मोठ्या हरणाला आहे, त्याचा या नोंदीशी संबंध नाही. अमेरिकेत यलोस्टोन, ग्रँड टीटन, रॉकी मौंटन, ग्रेट स्मोकी मौंटन्स व ऑलिंपिक, तर कॅनडात बॅन्फ आणि जॅस्पर ही उद्याने या छायाचित्रणासाठी प्रसिद्ध आहेत. प्राण्याच्या किती जवळ जायचे हे इथे छायाचित्रकाराच्या मर्जीवर नसते. ते उद्यानाच्या नियमाने ठरते आणि लेन्स त्या अंतराला साजेशी निवडावी लागते. नवखे लोक बहुधा याच्या उलट करतात: हाती आहे त्या लेन्समध्ये प्राणी मोठा दिसेपर्यंत पुढे सरकत राहतात.

प्राणी व त्याचे वर्ष : यलोस्टोनमधील पूर्ण वाढलेला नर सुमारे ३१५ किग्रॅ. वजनाचा आणि खांद्यापाशी दीड मीटर उंच असतो. मादी सुमारे २२५ किग्रॅ. भरते. शिंगे फक्त नराला येतात. मार्च-एप्रिलच्या सुमारास ती गळतात, लगेच नवी फुटू लागतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात आणि ऑगस्टमध्ये नर झाडाझुडपांवर घासून ती मखमल काढून टाकतो. मोठ्या नराच्या शिंगांची जोडी १३-१४ किग्रॅ. वजनाची असते. शिंगांचे भरदार छायाचित्र हवे असेल तर ऑगस्टअखेर ते हिवाळा हाच काळ धरावा लागतो. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा माजाचा काळ. नर माद्यांचा कळप राखतो, प्रतिस्पर्ध्यांना हाका देतो, गवत-झुडपे शिंगांनी उपटतो आणि प्रसंगी झुंजतो. बहुतेक छायाचित्रकार याच दिवसांत येतात. मे-जूनमध्ये पाडसे जन्मतात. ती गवतात निश्चल पडून राहतात आणि आई जवळपासच चरत असते. ‘एकटे सापडलेले’ पाडूस टिपायला जाणे म्हणजे त्या आईच्या पुढच्या खुरांना आमंत्रण.

एकोणिसाव्या शतकातील बेसुमार शिकारीने हा प्राणी बऱ्याच भागांतून नाहीसा झाला होता. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या यलोस्टोनमध्ये कळप टिकले आणि तिथून तो इतरत्र पुन्हा नेण्यात आला. रॉकी मौंटन उद्यानाच्या परिसरात १९१३-१४ मध्ये आणलेले एल्क यलोस्टोनचेच होते. ग्रेट स्मोकीच्या कॅटालूची खोऱ्यात २००१ व २००२ मध्ये मिळून ५२ प्राणी सोडले गेले. ऑलिंपिकचा डोंगराळ भाग १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला, त्यामागे तिथल्या एल्कचे रक्षण हे मोठे कारण होते. १९३८ मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. यलोस्टोनसारख्या उद्यानात शिकारीला बंदी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसाला पाहत आलेले एल्क त्याला फारसे भीत नाहीत. छायाचित्रे मिळतात ती या सवयीमुळे, आणि अपघात होतात तेही तिच्यामुळेच. यलोस्टोनमधील मॅमथ हॉट स्प्रिंग्ज येथे माजावरचे नर जुन्या लष्करी इमारतींसमोरच्या हिरवळीवर उभे असतात आणि उभ्या गाड्यांवरही शिंगे चालवतात.

अंतराचे नियम : यलोस्टोनमध्ये एल्कपासून किमान २३ मी. (२५ यार्ड), तर अस्वल व लांडग्यापासून ९१ मी. (१०० यार्ड) दूर राहावे लागते. ग्रेट स्मोकीत एल्कसाठी ४६ मी., कॅनडाच्या उद्यानांत ३० मी. ही मर्यादा आहे. आकडा कोणताही असो, तुमच्यामुळे प्राण्याने चरणे थांबवले, मान वर केली किंवा वाट बदलली तर तुम्ही फार जवळ आलात असे समजले जाते. कान मागे पाडणे, वरचा ओठ मुडपून दात दाखवणे या धमक्या आहेत; तिथे कॅमेरा खाली घेऊन मागे सरकणे एवढेच करायचे असते. हाकेची नक्कल करून नराला बोलावणे, त्याच्यावर दिवा मारणे, खाद्य दाखवणे यांना मनाई आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनलाही बंदी आहे. रॉकी मौंटनमधील मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क यांसारखी कुरणे माजाच्या दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत पायी जाणाऱ्यांना बंद असतात. म्हणजे ऐन प्रकाशाच्या वेळी रस्त्याच्या कडेवरूनच काम करावे लागते. त्याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ आहेत, पण रस्त्यालगत शांत उभ्या राहिलेल्या माणसांसमोर कळप निवांत वावरतो आणि कुरणात शिरलेल्या एका माणसामुळे तो सगळ्यांच्या नजरेआड जातो, हे तिथे एक संध्याकाळ काढली तरी कळते.

लेन्सची निवड : इथे थोडे गणित उपयोगी पडते. कॅमेऱ्यातील ३६ मिमी. रुंद (फुल फ्रेम) सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पृष्ठभागावर, ३०० मिमी. लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितका दूरचा प्राणी मोठा दिसतो) २३ मीटरवर सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचे दृश्य घेते. आडवा उभा असलेला नर दोन मीटरहून अधिक लांब असतो, तेव्हा तेवढ्यातच चौकट भरते. ६०० मिमी. लेन्सने हेच चित्र ४६ मीटरवरून मिळते. ९१ मीटरवरून तीच लेन्स साडेपाच मीटरचा पट्टा घेते, म्हणजे प्राणी, त्याच्याभोवतीचे गवत आणि मागची झाडी. उलट ६०० मिमी. लेन्स लावून २३ मीटरवर उभे राहिलो तर जेमतेम १.४ मी. रुंदी उरते, डोके आणि मान येते, शिंगांची टोके कापली जातात. यामुळे १००-४०० किंवा २००-६०० मिमी.ची झूम लेन्स माजाच्या काळात महागड्या, पल्ला न बदलणाऱ्या लेन्सपेक्षा जास्त चित्रे मिळवून देते, कारण नर स्वतःच पुढे-मागे येत असतो आणि तुम्ही लेन्स बदलेपर्यंत तो थांबत नाही. मोठ्या लेन्सचा खरा फायदा पहाटे-संध्याकाळी दिसतो, कारण एफ/४ च्या अ‍ॅपर्चरमधून (लेन्समधील प्रकाश आत येण्याच्या छिद्रातून) एफ/८ च्या चौपट प्रकाश आत येतो.

त्या प्रकाशाची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. ६०० मिमी., एफ/४, २३ मीटर या हिशेबात स्पष्ट दिसणारा थर अवघा ३५ सेंमी.चा असतो. नर तिरका उभा असेल तर डोळा लख्ख आणि पुढच्या शिंगाचे टोक पुसट असे होते. एफ/८ वर हा थर दुप्पट होतो, आणि थोडे मागे सरकले तर त्याहून झपाट्याने वाढतो. इथेही लांब उभे राहणाऱ्याचाच लाभ आहे.

दुरून टिपल्याने मागचा डोंगर प्राण्याला चिकटल्यासारखा दिसतो. हा परिणाम लेन्सचा मानला जातो, पण तो असतो अंतराचा. लेन्स फक्त त्या अंतरावरचा तुकडा मोठा करून दाखवते. यातून एक गंमतही होते: रस्त्यावरच्या बघ्यांना आणि एल्कला लांबून एकाच चौकटीत घेतले की ते एकमेकांना खेटून उभे असल्यासारखे दिसतात. अशा छायाचित्रावरून बघ्यांना दोषी ठरवण्याआधी ते कुठून घेतले हे पाहावे.

हाकेचा क्षण : नराची हाक खर्जात सुरू होते, चढत चढत शिट्टीसारखी तीक्ष्ण होते आणि शेवटी दोन-चार हुंकारांत संपते. एवढ्या धिप्पाड देहातून तो किनरा आवाज निघतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. हाक देताना नर मान पुढे ताणतो, तोंड उघडून थुथनी वर करतो आणि शिंगांची टोके पाठीकडे झुकतात. आडव्या चौकटीत प्राणी आधीच गच्च बसवला असेल तर नेमकी हीच टोके बाहेर जातात, म्हणून मागे जागा सोडून ठेवावी. थंड पहाटे तोंडातून निघालेली वाफ मागून येणाऱ्या उन्हात उजळते. पाठीमागे सावलीतली गर्द झाडी असेल तरच ती उठून दिसते. वाफ क्षणभरच टिकते, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, तिच्या उजळपणाला धरून आधीच बांधलेले हवे. नाहीतर काळपट मानेवर मोजमाप होऊन वाफेचा पांढरा डाग उरतो. हाकेसाठी १/५०० सेकंद पुरतो, झुंजीला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. लेन्समधील स्थिरीकरण हाताची थरथर थोपवते, प्राण्याची हालचाल नव्हे.

गाडीच्या खिडकीवर बीनबॅग (दाणे भरलेली मऊ पिशवी) ठेवून टिपणे सोयीचे असते आणि एल्कही गाडीला कमी बुजतात. मात्र इंजिन व हीटर बंद हवेत. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोर थरथरते आणि फोकस बरोबर असूनही चित्र मऊ येते. दुपारी तापलेल्या कुरणावरही हाच दोष येतो. त्यावर महाग लेन्सचा उपाय चालत नाही.

हिवाळ्यात कळप उंचावरून खाली उतरतात. ग्रँड टीटनला लागून १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एल्क रेफ्यूजमध्ये त्या काळात हजारो एल्क रस्त्यावरून दिसतात. हे दिवस साठवलेल्या चरबीवर काढायचे असतात. खोल बर्फातून पळायला लावलेल्या प्राण्याची शक्ती खर्ची पडते आणि ती वसंतातला चारा उगवेपर्यंत भरून निघत नाही. त्यामुळे अनुभवी लोक इथे नियमातल्या किमान अंतराहूनही बरेच लांब थांबतात.