दाबून फोडलेला बेसाल्ट आणि टोचून फोडलेला बेसाल्ट

इंदुरात मोठ्या इमारतीचा पाया घ्यायचा म्हटलं की आधी बोअर पडतो, म्हणजे यंत्राने जमिनीत खोल भोक घेतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग झिजलेला, हाताने फुटणारा दगड आणि त्याखाली घट्ट काळा बेसाल्ट, असा आपल्या मालव्यातला नेहमीचा क्रम. भोकातून निघालेल्या दगडाच्या दंडगोल तुकड्यांचे, म्हणजे कोअरचे, बॉक्स भरतात, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि काही दिवसांनी अहवाल हातात येतो. त्यात खडकाच्या तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात यूसीएस, म्हणजे खडकाचं एकअक्षीय दाबसामर्थ्य. दुसऱ्यात पॉइंट लोड निर्देशांक, म्हणजे दोन टोकदार शंकूंमध्ये दगड फोडून काढलेला आकडा. दोन्हींचं एकक मेगापास्कल, दोन्ही खडकाच्या ताकदीबद्दल बोलतात, आणि कित्येक अहवालांत पहिला रकाना दुसऱ्याला २४ ने गुणून भरलेला असतो. तसं कुठे लिहिलेलंही नसतं.

मला हे खटकतं. फुटाचं मीटर करावं तसं पॉइंट लोडचं यूसीएस करता येतं, अशी समजूत साइटवर आणि वर्गातही घट्ट बसली आहे. पण या दोन चाचण्यांत खडक दोन वेगळ्या रीतींनी मरतो. एकीत आपण ताकद मोजतो, दुसरीत तिचा अंदाज बांधतो.

आधी मोजणं बघू. यूसीएससाठी आपल्याकडे आयएस ९१४३ ही भारतीय मानक संहिता आहे, आणि आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संघटनेची, म्हणजे आयएसआरएमची, १९७९ ची पद्धत जगभर वापरतात. आयएसआरएमच्या पद्धतीत कोअरची लांबी व्यासाच्या अडीच ते तीनपट हवी आणि व्यास शक्यतो ५४ मिलिमीटरच्या खाली नको. म्हणजे साधारण १३५ ते १६० मिलिमीटर लांबीचा सलग, न तडकलेला तुकडा लागतो. त्याची दोन्ही टोकं घासून इतकी सपाट करायची की उंचसखलपणा ०.०२ मिलिमीटरच्या आत राहील. मग यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये उभा करून सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल या गतीने भार चढवायचा.

लांबीचा एवढा आग्रह कशासाठी? तबकडी आणि दगड यांच्यातल्या घर्षणामुळे नमुन्याची टोकं जखडली जातात, त्यांना बाजूला फुगता येत नाही. नमुना बुटका असेल तर हा जखडलेला भाग जवळजवळ पूर्ण दगड व्यापतो आणि दगड आहे त्याहून बळकट दिसतो. लांब नमुन्यात मधला भाग मोकळा राहतो आणि खरी ताकद तिथे कळते. काँक्रीटच्या क्यूबसारखा दगडाचा चौकोनी ठोकळा दाबून आलेला आकडा लांब कोअरच्या आकड्यापेक्षा जास्त येतो, तो याच कारणाने. तेव्हा ‘क्यूब टेस्ट केली आहे साहेब’ हे ऐकून तोच आकडा यूसीएस म्हणून वहीत उतरवू नका.

घट्ट, पोकळ्या नसलेल्या बेसाल्टचं यूसीएस बहुतेक वेळा १०० ते २५० मेगापास्कलच्या पट्ट्यात पडतं, काही नमुने त्याच्याही वर जातात. ५४ मिलिमीटर व्यासाचा, २०० मेगापास्कलचा कोअर फोडायला सुमारे ४५८ किलोन्यूटन लागतात, म्हणजे मुठीत मावेल एवढ्या जाडीच्या दगडावर ४६ टनांहून जास्त भार. या भाराच्या साधारण निम्म्यापाशीच दगडाच्या आत सूक्ष्म भेगा उघडू लागतात, बहुतेक भाराच्या दिशेने, उभ्या. बाहेरून काहीच दिसत नाही. भेगा वाढतात, एकमेकींना मिळतात, आणि मग एकदम धडाका होऊन धारदार चिपा उडतात. यंत्राभोवती जाळी न लावता घट्ट बेसाल्ट फोडणाऱ्या प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना उभं करणार नाही.

पॉइंट लोडची गोष्ट अगदी निराळी. एक लहान चौकट, हाताने पंप मारायचा जॅक आणि समोरासमोर दोन पोलादी शंकू. शंकूचा कोन ६० अंश, टोकाची गोलाई ५ मिलिमीटर त्रिज्येची. कोअर आडवा धरायचा, शंकू दोन्ही बाजूंनी टेकवायचे आणि १० ते ६० सेकंदांत दगड फुटेल अशा बेताने पंप मारायचा. टोकं घासायची नाहीत, प्रयोगशाळा लागत नाही, कोअर बॉक्सशेजारी बसून काम होतं. आयएस ८७६४ ही त्याची संहिता. सुपारी अडकित्त्यात फुटते तशीच इथे दगडाची गत होते: दोन्ही बाजूंनी जोर लागतो, पण तो फाकतो त्या जोराच्या आडव्या दिशेला. शंकूंच्या टोकांखाली थोडा चुरा होतो, मध्ये मात्र खडक ताणला जाऊन उकलतो. म्हणून पॉइंट लोडचा निर्देशांक खरं तर तणावाच्या ताकदीच्या जवळचा आहे. आयएसआरएमच्या १९८५ च्या पद्धतीत तो तणावसामर्थ्याच्या सुमारे ०.८ पट असतो असं म्हटलं आहे.

हे एकदा पटलं की २४ चं गूढ उरत नाही. पॉइंट लोडला २४ ने गुणताना आपण गृहीत धरत असतो की या खडकाचं दाबसामर्थ्य आणि तणावसामर्थ्य यांचं गुणोत्तर ठरलेलं आहे. पण ते खडकागणिक बदलतं. दाणे किती बारीक आहेत, पोकळ्या किती, त्या कशाने भरल्या आहेत, खडक किती झिजला आहे, या सगळ्यांवर ते अवलंबून असतं. २४ हा आकडा ब्रॉक आणि फ्रँकलिन यांच्या १९७२ च्या कामातून रूढ झाला, तोही ५० मिलिमीटरच्या आसपासच्या कोअरसाठी. पुढे आयएसआरएमने १९८५ साली स्पष्ट लिहिलं की सरासरी २० ते २५ येते, पण निरनिराळ्या खडकांत, विशेषतः ज्यांची ताकद दिशेनुसार बदलते त्यांत, गुणक १५ पासून ५० पर्यंत असू शकतो, आणि एकच ठरीव गुणक वापरला तर चूक १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २४ सगळ्यांच्या लक्षात राहिला, हे पुढचं वाक्य मात्र गळून पडलं.

एक हिशेब हाताने करून बघू. समजा ५४ मिलिमीटरचा कोअर आडवा धरला आणि तो २४ किलोन्यूटनला फुटला. भाराला व्यासाच्या वर्गाने भागलं की ८.२३ मेगापास्कल. मोठ्या नमुन्यात निर्देशांक कमी येतो म्हणून तो ५० मिलिमीटरच्या मापावर आणायचा: व्यासाला ५० ने भागून त्याचा ०.४५ वा घात, म्हणजे १.०३५, त्याने गुणायचं. आले ८.५ मेगापास्कल. आता २४ ने गुणलं तर यूसीएस २०४. गुणक २० धरला तर १७०. १५ धरला तर १२८. दगड तोच, भार तोच. आणि बघा, हा दगड टोचून फोडायला अडीच टनही लागले नाहीत, तर दाबून फोडायला ४६ टन लागले असते. एवढ्या लांबवरून अंदाज बांधतो आहोत, तर तो अंदाज आहे हे लिहायला काय हरकत?

गोंधळाला एक चांगलं पुस्तकी कारणही आहे. बिएनियाव्स्की यांच्या आरएमआर या, खडकाला गुण देऊन त्याची प्रत ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या तक्त्यात दोन्ही मूल्यं एकाखाली एक दिलेली आहेत: यूसीएस १०० ते २५० किंवा पॉइंट लोड ४ ते १०, दोन्हींना १२ गुण. गुणक २५ तिथे गुपचूप बसलेला आहे. पण त्याच तक्त्यात, पॉइंट लोड १ च्या खाली गेला की यूसीएसच करा, अशी सूचना आहे. दुबळ्या खडकात शंकू दगडात रुततात आणि उकलण्याऐवजी चिरडणंच जास्त होतं.

आपल्या इथे नेमकी तीच अडचण आहे. महूजवळच्या पाताळपाण्याच्या कड्याकडे पावसाळा ओसरल्यावर बघा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात. काही घट्ट, काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. बोअरमध्येही हेच येतं: दोन मीटर घट्ट बेसाल्ट, मग मीटरभर पोकळ्यांचा, ज्यांत पांढरा झिओलाइट किंवा कॅल्साइट भरलेला. अशा पोकळ्यांच्या बेसाल्टवर शंकूचं टोक नेमकं पांढऱ्या ठिपक्यावर बसलं तर दगड कमी भारात फुटतो, आणि दोन बोटं सरकून काळ्या घट्ट भागावर बसलं तर बराच जास्त भार घेतो. म्हणूनच पद्धत सांगते की किमान दहा नमुने घ्या, सगळ्यांत मोठे दोन आणि सगळ्यांत लहान दोन आकडे गाळा, मग सरासरी काढा. तीन तुकडे फोडून काढलेल्या सरासरीवर मी विश्वास ठेवत नाही. फुटलेला तुकडा हातात घेऊन बघायलाही हवं: भेग दोन्ही शंकूंच्या खुणांमधून गेली असेल तरच ती चाचणी धरायची. एका कोपऱ्याचा टवका उडाला असेल तर तो आकडा बाद.

अशा दुबळ्या खडकात गुणक सहसा २४ च्या खालीच असतो. ग्रीसमधल्या गाळाच्या खडकांवर त्सियाम्बाओस आणि सबातकाकिस यांनी २००४ साली दाखवलं की निर्देशांक २ च्या खाली असेल तर गुणक सुमारे १३, आणि ५ च्या वर २८. ते आकडे उचलून मालव्याच्या बेसाल्टला लावू नयेत. पण कल मात्र ध्यानात घ्यावा. १.५ मेगापास्कलचा निर्देशांक २४ ने ३६ होतो, १३ ने २० च्याही खाली जातो. खडकात रुतवलेल्या पाइलची, म्हणजे पायाच्या खोल खांबाची, लांबी या आकड्यावर ठरत असेल तर पाइल आखूड पडेल. उलट घट्ट बेसाल्टमध्ये २४ कमी पडला तर खडक आहे त्याहून मऊ वाटतो, आणि खोदाईच्या ठेक्यात कटर, बिट, सुरुंग यांचा खर्च अंदाजाबाहेर जातो. एकच गुणक एकाच बोअरमध्ये वर नुकसान करतो आणि खालीही.

याचा अर्थ यूसीएस डोळे झाकून मानावा, असंही नाही. त्याला १५ सेंटिमीटरचा सलग तुकडा लागतो, आणि तडकलेल्या, पोकळ्यांच्या थरातून तो मिळतोच असं नाही. मग कोअर बॉक्समधून मिळतो तो सर्वांत धड तुकडा उचलला जातो. अहवालातला १८० मेगापास्कल हा त्या निवडलेल्या तुकड्याचा असतो, बाकीच्या बॉक्सचा नसतो. पॉइंट लोडचं खरं मोल इथे आहे: जे तुकडे यूसीएसला चालत नाहीत तेही तो बोलते करतो, आणि बोअरमध्ये ताकद कुठे चढते, कुठे घसरते हे मीटरामीटराला दाखवतो.

यूसीएसचा अंदाज श्मिट हातोडीनेही, म्हणजे दगडावर स्प्रिंगने आपटणाऱ्या यंत्रानेही, बांधतात. तिच्याबद्दल थोडक्यात. ती तिसराच गुण मोजते, पृष्ठभागावरची उसळी. डीअर आणि मिलर यांच्या १९६६ च्या आलेखात उसळीबरोबर खडकाची घनताही लागते, घनता न मोजता काढलेलं यूसीएस फारसं कामाचं नसतं.

ओलाव्याचं मात्र विसरू नका. पावसाळ्यात भूजल वर आलं की पायाखालचा खडक भिजलेलाच असतो. घट्ट बेसाल्टला त्याने फार फरक पडत नाही. झिजलेला, चिकणमातीकडे झुकलेला किंवा पोकळ्यांचा खडक ओला असताना बराच दुबळा होतो. दोन्ही चाचण्या एकाच ओलाव्यावर झाल्या नसतील तर त्यांचं गुणोत्तर काढण्यात अर्थ नाही, आणि नमुना कोरडा होता की भिजवलेला हे अहवालात लिहिलंच पाहिजे.

मग साइटवर काय करायचं? आपल्या दगडाचा गुणक आपणच काढायचा. यूसीएसचा नमुना कापला की दोन्ही टोकांना तुकडे उरतात, ते बहुतेक ठिकाणी कचऱ्यात जातात. ते टाकू नका. त्यातला जो किमान व्यासाइतका लांब असेल तो आडवा धरून त्याच दिवशी, त्याच ओलाव्यात पॉइंट लोडला लावा. घट्ट थराच्या जोड्या एका कागदावर, पोकळ्यांच्या थराच्या दुसऱ्यावर, झिजलेल्याच्या तिसऱ्यावर मांडा. आठ-दहा जोड्या जमल्या की त्या थराचा गुणक दिसायला लागतो. मग अहवालात मोजलेलं यूसीएस एका रकान्यात, पॉइंट लोडवरून अंदाजलेलं दुसऱ्यात, आणि त्याच्या डोक्यावर गुणक किती धरला आणि तो कोणत्या बोअरमधल्या जोड्यांवरून आला, एवढं लिहा. सल्लागाराकडून अहवाल घेताना हे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि चाचणीचे पैसे तुम्ही देता तेव्हा तर नक्कीच.