मे महिन्यातला केक आणि साखरेची रांगोळी

"आत्या, केकले घाम आला!"

भाचीच्या वाढदिवसाला मी वरुड तालुक्यात भावाकडे होते. मे महिना, पारा 45च्या आसपास. केक कुकरमध्ये मीठ घालून त्यावर भाजलेला, छान फुगलेला. वर मी कोनाने क्रीमची फुलं काढली होती. शेजारची लेकरं जमेपर्यंत ती फुलं घरंगळून ताटात आली. आपल्या हातात कला नाही, असं मी पुढे बरीच वर्षं धरून चालले. दोष हाताचा नव्हता. दुधातल्या स्निग्धांशाचा तो स्वभावच आहे.

फेटलेलं क्रीम म्हणजे हवेचे असंख्य बुडबुडे. त्या प्रत्येकाभोवती स्निग्धांशाचे अर्धवट घट्ट कण एकमेकांना चिकटून उभे असतात, विहिरीच्या बांधकामातल्या दगडांसारखे. हे दगड घट्ट असेपर्यंतच विहीर उभी. दुधातल्या स्निग्धांशाचा बहुतेक भाग 30 अंशांच्या आसपासच पातळ होतो आणि 40 अंशांपर्यंत त्याचं पूर्ण तेल होतं. 'केक पूर्ण थंड झाल्यावर क्रीम लावा' असं प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं. पण मे महिन्यात आमच्या घरातला 'पूर्ण थंड' केक 38-40 अंशांचा असतो! त्यावर भल्याभल्या कारागिराचं फूलही उभं राहणार नाही.

कूलर लावला तर? वाळ्याच्या ताट्यांवरून येणारी हवा गार होते, कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. खोली 30 अंशांवर आली तरी क्रीमला ते पुरत नाही. शिवाय हवा दमट होते, ते वेगळंच.

म्हणून मी क्रीमचा नाद सोडला आणि पिठीसाखर घेतली. तिच्यासाठी हाताला वळण लागत नाही. कागदाची घडी घालून कात्रीने नक्षी कापायची, तो कागद केकवर ठेवायचा आणि चहाच्या गाळणीतून साखर भुरभुरवायची. त्याआधी केक उलटा करून घ्यावा. भांड्याच्या बुडाला टेकलेली बाजू सपाट असते, तिच्या कडा नीट असतात आणि फुगून तडकलेला माथा खाली झाकला जातो.

साखर पांढरी दिसते, पण तिचा एकेक कण काचेसारखा पारदर्शक असतो. दळल्यावर कण बारीक होतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते. कणातून हवेत आणि हवेतून पुन्हा कणात जाताना प्रकाश दर वेळी वळतो, परततो, विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरल्यामुळे डोळ्यांना पांढरं दिसतं. ओल लागली की मधल्या हवेच्या जागी पाक भरतो. साखर आणि पाक प्रकाशाला जवळपास सारखंच वळवतात, त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आत शिरतो आणि नक्षीच्या जागी खालचा तपकिरी केक दिसू लागतो. साखर तिथेच असते, फक्त दिसत नाही. सडा ओला असताना घातलेली रांगोळी आधी फिकी दिसते आणि अंगण वाळल्यावर उठून दिसते, त्यामागचं कारणही हेच. रोज पहाटे दारात घडणारा हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

आणि इथे विदर्भाचा उन्हाळा आपल्या बाजूने उभा राहतो. हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांवर गेली की साखर हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागते. मे महिन्यात दुपारी आपली हवा त्याच्या कितीतरी खाली, कोरडीठाक असते. जी हवा क्रीमचा घात करते, तीच साखरेची नक्षी जपते. धोका दोनच गोष्टींचा: कूलरचा झोत आणि केकच्या अंगातली ओल. केक कोमट असताना कधीही साखर टाकू नका, आणि नक्षी केक कापण्याच्या थोडंच आधी काढा. श्रावणात मात्र साखरेत चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळलेलं बरं, ते थोडी ओल शोषून घेतं.

पांढरा मऊ थर हवाच असेल तर चक्का वापरा. रात्रभर टांगलेला चक्का दुधातल्या प्रथिनांच्या जाळीवर उभा असतो, आणि ती जाळी लोण्यासारखी वितळत नाही. त्यात साखर मात्र बेताने घालायची, वाटीभर चक्क्याला दोन चमचे. जास्त साखर त्यातलं पाणी ओढून घेते आणि चक्का सैल पडतो. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत आहे. उलथन्याने सरळ फासायचा, गुळगुळीत करण्याच्या मागे लागायचं नाही. या उन्हात तो तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये.

त्यावर चारोळी आणि पाकवलेल्या संत्र्याच्या सालीचे तुकडे विखरून टाका, ओळीत मांडू नका. ओळ थोडी जरी वाकली तरी डोळा लगेच पकडतो, कारण पुढचा दाणा कुठे असायला हवा हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. विखुरलेल्या दाण्यांत ठरलेली जागाच नसते, मग चूक दिसणार कुठून?

यंदा भाचीने स्वतःच कागद कापला, कापसाचं फुटलेलं बोंड. साखर भुरभुरवून झाल्यावर तिने कागदाची दोन टोकं धरली आणि श्वास रोखून तो सरळ वर उचलला. बाजूला सरकवला असता तर वरची साखर नक्षीवर सांडली असती.