जुन्या पायथनवर पिप अपग्रेड करणे

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत देखभाल थांबलेल्या आवृत्तीवर पिप हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे तयार कोडचे संच (पॅकेजे) आणून बसवणारे साधन, अपग्रेड करताना येणाऱ्या अडचणी, त्यांची कारणे आणि उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. वरवर पाहता काम एका कमांडचे असते. पण पायथन जुना असेल तर ती कमांड यशस्वी झाल्याचे सांगते आणि त्यानंतर पिप चालेनासा होतो. अशा वेळी बहुतेक जण पायथनच पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात. त्याची गरज क्वचितच पडते. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी पिपची एक शेवटची चालणारी आवृत्ती ठरलेली आहे, आणि दुरुस्ती म्हणजे बहुतांश वेळा त्या आवृत्तीपर्यंत पोहोचणे.

अडचणीचे मूळ

पिपची सुरुवात २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी केली. पिप स्वतः पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि ज्या पायथनसाठी तो पॅकेज आणतो, त्याच पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये इतर पॅकेजांसारखा राहतो. स्वतःला अपग्रेड करताना तो जुनी प्रत काढून नवी ठेवतो. नव्या प्रतीचा कोड त्या पायथनला वाचता आला नाही, तर बदल मागे घ्यायलाही पिप उरत नाही. इतर कुठलेही पॅकेज बिघडले तर पिपने ते बदलता येते; पिप बिघडला की तो मार्गच बंद होतो.

पायथन २.७ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. ही आवृत्ती ३ जुलै २०१० रोजी आली, तिची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली आणि २.७.१८ हे अखेरचे प्रकाशन २० एप्रिल २०२० रोजी झाले. पिपने आणखी वर्षभर तिला साथ दिली. जानेवारी २०२१ मध्ये आलेला पिप २०.३.४ हा पायथन २.७ वर चालणारा शेवटचा पिप. त्याच महिन्यातल्या पिप २१.० ने पायथन २.७ आणि ३.५ या दोन्हींना वगळले. २१.० च्या कोडमध्ये एफ-स्ट्रिंग वापरल्या गेल्या. अवतरणचिन्हाआधी ‘एफ’ हे अक्षर लावून मजकुरातच चल गुंफण्याची ही पद्धत पायथन ३.६ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१६ मध्ये आली. २.७ ला ती ठाऊक नाही. म्हणून चुकून २१ किंवा पुढचा पिप बसला, की कुठलीही पिप कमांड ‘सिंटॅक्सएरर’ देऊन थांबते आणि त्रुटीचा बाण पिपच्या स्वतःच्याच मेन फाइलमधल्या एफ-स्ट्रिंगकडे रोखलेला असतो. ही त्रुटी दिसली की निदान झालेच समजावे: वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये काही चुकलेले नाही, पिप पायथनच्या पुढे गेला आहे.

जुना पिप नवी आवृत्ती का उचलतो

पॅकेजच्या माहितीपत्रात ‘रिक्वायर्स-पायथन’ नावाची नोंद असते. हे पॅकेज पायथनच्या कोणत्या आवृत्तीपासून चालते, ते तिथे लिहिलेले असते. पायपीआय हे पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार ही नोंद प्रत्येक फाइलच्या दुव्यासोबत पुरवते. पायथन २.७ वरच्या पिपने ती वाचली, तर तो २१.० कडे वळणारच नाही, २०.३.४ वर थांबेल. पण ही नोंद पाळायला पिप ९.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०१६ पासून सुरुवात झाली. त्याआधीचा पिप ती पाहतच नाही. तो सरळ सर्वांत मोठा आकडा उचलतो.

आणि जुन्या सर्व्हरवर नेमका त्याआधीचाच पिप असतो. सेंटओएस ७ या लिनक्स वितरणासाठी ईपेल या जादा पॅकेजांच्या भांडारातून मिळणारा पिप ८.१.२ होता, उबुंटू १६.०४ मधला ८.१.१. ज्या पिपला अपग्रेडची गरज सर्वांत जास्त, त्याच्यावरच नेहमीची अपग्रेड कमांड सर्वांत धोक्याची ठरते. अशा यंत्रावर आवृत्तीची मर्यादा आपणच सांगावी लागते: ‘पिप<२१’ अशी अट अवतरणचिन्हांत घालून. अवतरणचिन्हे विसरली तर शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारी यंत्रणा, ‘<’ या चिन्हाचा अर्थ ‘फाइलमधून वाच’ असा घेते आणि भलतीच त्रुटी दाखवते. एकदा ९ किंवा पुढचा पिप बसला, की पुढची निवड तो स्वतः नीट करतो. सेटअपटूल्स या मूळ कोडापासून पॅकेज बांधणाऱ्या यंत्रणेचीही हीच गत आहे. ४४.१.१ ही पायथन २.७ वर चालणारी तिची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२० मधल्या ४५ पासून २.७ बाद. पिप दुरुस्त करूनही बांधणीच्या पायरीवर पुन्हा सिंटॅक्सएरर दिसली, तर सेटअपटूल्सकडे पाहावे.

इतर जुन्या पायथन आवृत्त्यांच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. पायथन २.६ साठी पिप ९.०.३ शेवटचा, ३.३ साठी १०.०.१, ३.४ साठी १९.१.१, ३.५ साठी २.७ प्रमाणेच २०.३.४, ३.६ साठी २१.३.१, ३.७ साठी २४.० आणि ३.८ साठी २५.०.१.

आधी काय पाहावे

एका यंत्रावर तीन-चार पायथन असणे अगदी सामान्य आहे, आणि ‘पिप’ हे नाव त्यांपैकी कुणाचे हे नावावरून कळत नाही. पिपला त्याची आवृत्ती विचारली तर तो तीन गोष्टी सांगतो: स्वतःचा क्रमांक, तो ज्या फोल्डरमधून चालतोय त्याचा पत्ता आणि तो कोणत्या पायथनचा आहे. अपग्रेडआधी ही ओळ वाचून घेतली तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो. पिप पूर्ण मोडला असेल तर हेच उत्तर साइट-पॅकेजेसमधल्या ‘पिप’ने सुरू होणाऱ्या डिस्ट-इन्फो फोल्डरच्या नावात सापडते.

त्याहून भरवशाची सवय म्हणजे पिपला थेट हाक न मारता पायथनच्या ‘-एम’ पर्यायातून तो चालवणे. मग कोणता पायथन वापरला जातोय याबद्दल शंकाच राहत नाही. पिप १० नंतर या सवयीचे महत्त्व फारच ठळक झाले. एप्रिल २०१८ मधल्या त्या आवृत्तीने पिपचा आतला सगळा कोड ‘अंडरस्कोर इंटर्नल’ या खासगी भागात हलवला. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांनी पुरवलेली ‘पिप’ नावाची छोटी स्क्रिप्ट मात्र जुन्या जागेवरूनच ‘मेन’ हे फंक्शन मागत राहिली. परिणामी अपग्रेड होताच ‘मेन हे नाव आयात करता येत नाही’ अशा अर्थाची इम्पोर्टएरर येऊ लागली. इथे नवा पिप पूर्णपणे धडधाकट असतो, बाहेरची स्क्रिप्ट तेवढी शिळी असते. ‘-एम’ने चालवला की तो चालतो. कधीकधी तर शेलने जुन्या स्क्रिप्टचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो, आणि ‘हॅश -आर’ दिल्यावर किंवा नवे टर्मिनल उघडल्यावर त्रुटी नाहीशी होते.

जोडणीची अडचण

काही वेळा पिप चालतो, पण कुठल्याही पॅकेजबद्दल ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ असे सांगतो आणि उपलब्ध आवृत्त्यांच्या जागी रिकामा कंस दाखवतो. तो रिकामा कंस हीच खूण. कंसात आकडे असतील तर प्रश्न आवृत्तीचा, कंस रिकामा असेल तर बहुधा पिप भांडारापर्यंत पोहोचलेलाच नाही. वरच्या ओळींत एसएसएल किंवा टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतींचा उल्लेख शोधावा.

पायपीआयने २०१८ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या जोडण्या बंद केल्या. टीएलएस १.२ साठी ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या लायब्ररीची १.०.१ किंवा पुढची आवृत्ती लागते. ती मार्च २०१२ ची. पायथन २ च्या बाजूने नवे एसएसएल मॉड्यूल डिसेंबर २०१४ मधल्या २.७.९ मध्ये आले. जुन्या मॅकओएसवरचा पायथन ओपनएसएसएल ०.९.८ शी जोडलेला होता, त्यामुळे तिथे ही अडचण हमखास यायची. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नये. सेंटओएस ७ मधला पायथन २.७.५ म्हणवतो, तरी त्यात नव्या एसएसएल मॉड्यूलचे बदल मागाहून घातलेले आहेत. खरे उत्तर पायथनच्या एसएसएल मॉड्यूललाच विचारावे. तो कोणत्या ओपनएसएसएलशी जोडला आहे ते सांगतो.

या प्रसंगी ‘ट्रस्टेड-होस्ट’ हा पर्याय सर्रास सुचवला जातो. तो वापरू नये. तो प्रमाणपत्राची तपासणी वगळतो, जोडणीची भाषा बदलत नाही. म्हणजे मूळ अडचण तशीच राहते आणि जिथे जोडणी होते तिथे मधल्या कुणालाही बनावट पॅकेज पुरवायची वाट मोकळी होते. योग्य मार्ग म्हणजे ओपनएसएसएल सुधारून पायथन पुन्हा बांधणे. ते शक्य नसेल तर दुसऱ्या यंत्रावर नेमक्या आवृत्तीच्या व्हील फाइली, म्हणजे आधीच बांधलेली पॅकेजे, उतरवून इकडे आणाव्यात, आणि भांडाराकडे न जाता त्या फोल्डरमधूनच इन्स्टॉल करायला पिपला सांगावे.

मोडलेला पिप परत आणणे

पिप अजिबात चालत नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली गेट-पिप ही पिप उतरवून बसवणारी स्क्रिप्ट. तिची नेहमीची प्रत फक्त चालू पायथनसाठी असते. जुन्या आवृत्त्यांसाठी बूटस्ट्रॅप संकेतस्थळावर ‘पिप’ फोल्डरखाली २.७, ३.५, ३.६ अशा क्रमांकांच्या वेगळ्या प्रती ठेवलेल्या आहेत. २.७ ची प्रत २१ च्या आतलाच पिप बसवते, त्यामुळे चुकून बसलेला पुढचा पिपही ती मागे आणते.

दुसरी वाट एन्शुअरपिप. पायथन ३.४ आणि २.७.९ पासून पायथनच्या पोटातच पिपची एक प्रत येते आणि हे मॉड्यूल ती नेटशिवाय बसवते. अडचण एवढीच की साइट-पॅकेजेसमध्ये मोडका पण वरच्या क्रमांकाचा पिप दिसला, तर त्याला पिप आधीच आहे असे वाटू शकते. तेव्हा पिपचे फोल्डर आणि त्याचे डिस्ट-इन्फो फोल्डर हाताने काढून मग ते चालवावे. डेबियन कुळात सिस्टिमच्या पायथनसाठी हे मॉड्यूल बंद ठेवलेले असते.

तिसरी वाट फारशी माहीत नसलेली, पण नेट नसलेल्या यंत्रावर अतिशय उपयोगी आहे. व्हील ही मुळात झिप फाइल असते, आणि पायथन झिपमधला कोड थेट चालवू शकतो. पिप २०.३.४ ची व्हील फाइल उतरवून, तिच्या नावापुढे तिरपी रेघ आणि ‘पिप’ असे लिहून ती पायथनला दिली, की इन्स्टॉल न झालेला पिप त्या फाइलमधूनच चालतो आणि स्वतःला इन्स्टॉल करतो.

पिप मागे राहिल्याने येणाऱ्या त्रुटी

पायथन पुरेसा नवा आणि पिपच शिळा, असेही होते. लिनक्ससाठी आधीच बांधलेल्या व्हील फाइलींवर मेनीलिनक्स अशी खूण असते. मेनीलिनक्स१ ओळखायला पिप ८.१ लागतो, मेनीलिनक्स२०१० साठी १९.०, मेनीलिनक्स२०१४ साठी १९.३. खूण ओळखता आली नाही की पिप ती फाइल सोडून मूळ कोड उतरवतो आणि बांधायला घेतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रिप्टोग्राफी ३.४ आले आणि त्याच्या बांधणीला रस्ट भाषेचा कंपायलर लागू लागला. पायथन ३.६ आणि पिप ९.०.१ असलेल्या उबुंटू १८.०४ वर लोकांना ‘सेटअपटूल्स-रस्ट नाही’ अशी त्रुटी दिसली आणि अनेकांनी रस्ट इन्स्टॉल केली. खरे तर तयार व्हील उपलब्ध होती, पिपला ती दिसत नव्हती. पिप अपग्रेड करणे हाच तिथला उपाय. बांधणीची लांबलचक त्रुटी आली, तर त्या पॅकेजची व्हील उपलब्ध असूनही पिपने मूळ कोडाची संकुचित फाइल का उतरवली, हा पहिला प्रश्न असावा.

सिस्टिमचा पायथन

सेंटओएस ७ मध्ये यम हे सिस्टिमचे पॅकेज साधन पायथन २ मध्ये लिहिलेले आहे. तिथे ‘पायथन’ या नावाचा दुवा पायथन ३ कडे वळवला की यम बंद पडतो, आणि मग दुरुस्तीसाठी लागणारी पॅकेजेही आणता येत नाहीत. प्रशासकाच्या अधिकाराने सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप चालवणे त्याच कारणाने टाळावे. नव्या वितरणांनी हा धोका ओळखून अडसरच घातला आहे: जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून तिथला पिप ‘हे पर्यावरण बाहेरून सांभाळले जाते’ असे सांगून नकार देतो. ती त्रुटी नाही, संरक्षण आहे. पर्याय व्हर्च्युअलएन्व्हचा, म्हणजे सिस्टिमपासून वेगळे पायथन पर्यावरण बनवणाऱ्या साधनाचा; जुन्या पायथनसाठी तोही जुना लागतो, कारण २०.२२ पासून तो २.७ ते ३.६ साठी पर्यावरणे बनवत नाही.

इतर भाषांत

रुबीजेम्स ही रुबी भाषेची पॅकेज यंत्रणा या बाबतीत बरीच मदत करते. अपग्रेड फसले तर तुमच्या रुबीवर चालणारी शेवटची आवृत्ती कोणती, हे ती त्रुटीतच सांगते, रुबी २.७ साठी ते उत्तर ३.४.२२ आहे. पीएचपी भाषेच्या कम्पोजर या पॅकेज साधनाने २.२ ही शाखा पीएचपी ५.३ पर्यंतच्या जुन्या यंत्रांसाठी राखून ठेवली, आणि स्वतःला त्या शाखेवर नेण्याचा पर्यायही दिला. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज साधनात पॅकेजला लागणाऱ्या नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) आवृत्तीची नोंद असते, पण सक्तीचा पर्याय चालू केला नसेल तर बहुतेक वेळा ती नुसती सूचना ठरते.

उलट दिशेचा बिघाड

ऑक्टोबर २०२३ मधल्या पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधण्याचे जुने मॉड्यूल आणि पीकेजीयुटिल या मॉड्यूलमधला इम्पइम्पोर्टर हा भाग काढून टाकले गेले. जुन्या पिप आणि सेटअपटूल्सच्या पोटातला कोड तो इम्पोर्टर शोधतो आणि ‘अॅट्रिब्यूटएरर’ देऊन थांबतो. जुनी आवृत्ती पक्की करून ठेवलेल्या प्रकल्पांत पायथन बदलला आणि पिपवरची ‘२१ च्या आत’ ही अट तशीच राहिली, की हमखास हे घडते. तिथे अट काढावी आणि एन्शुअरपिपला अपग्रेडच्या पर्यायासह चालवावे, पायथन ३.१२ सोबत आलेला पिप त्यावर चालणाराच असतो.