वर्तन अपसामान्य आहे, हे ठरते कसे?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात घर बुडालेला सांगलीच्या गावभागातील एखादा दुकानदार पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात रात्री-अपरात्री उठून कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी मोबाइलवर पाहू लागला, तर शेजारीपाजारी म्हणतील की याने धसका घेतला आहे. हे वर्तन अपसामान्य मानायचे का, असे मानसशास्त्रज्ञाला विचारले, तर तो लगेच उत्तर देणार नाही. हे किती महिन्यांपासून चालू आहे, झोप किती लागते, दुकान वेळेवर उघडले जाते का, आभाळ कोरडे असतानाही घरात पाणी शिरल्याचे दृश्य डोळ्यांसमोर येते का, आणि या सगळ्याचा त्या माणसाला स्वतःला त्रास होतो का, हे तो आधी विचारील. वर्तन लोकांना चमत्कारिक वाटते की नाही, याला त्याच्या लेखी फार थोडे महत्त्व असते. सर्वसाधारण समज आणि शास्त्र यांच्यातील सर्वांत मोठे अंतर माझ्या मते इथेच आहे.

जे विरळा आढळते ते अपसामान्य, ही सर्वांत सोपी व्याख्या. बुद्ध्यंकाच्या प्रचलित चाचण्यांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, 15 धरलेले असते. त्यामुळे 70 च्या खाली सुमारे 2.3 टक्के लोक येतात आणि 130 च्या वरही तितकेच. दोन्ही गट सारखेच विरळ आहेत, पण दुसऱ्या गटातील मुलाला कोणी उपचारासाठी नेत नाही. शिवाय जे सर्रास आढळते ते निरोगी असतेच असेही नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील 28.6 टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होत्या, आणि मिश्री लावणे तर आपल्या खेड्यांत अजूनही कित्येक घरांत नित्याचेच आहे; तरीही तंबाखूतील निकोटिनवरचे अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात विकार म्हणूनच नोंदलेले आहे.

समाजाचे संकेत मोडणारे ते अपसामान्य, हा दुसरा निकष अधिक धोक्याचा आहे, कारण तो सत्ता असलेल्यांच्या हातातील हत्यार सहज बनतो. अमेरिकेत 1851 मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांनी मालकाकडून पळून जाणे हा एक मानसिक रोग असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असे शास्त्रीय वाटणारे नावही दिले. समलैंगिकता अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने विकारांच्या यादीतून 1973 मध्ये वगळली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. तोवर लाखो निरोगी माणसांनी रोगी असल्याचा शिक्का वागवला. आपल्याकडे सासरी नांदायला नकार देणाऱ्या मुलीबद्दल किंवा जातीबाहेर लग्न ठरवणाऱ्या मुलाबद्दल ‘डोक्यावर परिणाम झाला आहे’ असे बोलले जाते, तेव्हा हाच निकष नकळत वापरला जात असतो.

तरीही संस्कृती बाजूला ठेवून वर्तनाचा अर्थ लावता येत नाही. जत तालुक्यातील एखाद्या यात्रेत हलगी वाजू लागल्यावर एखाद्या बाईच्या अंगात येते, भोवतालची माणसे तिला सांभाळतात, आणि थोड्या वेळाने शांत होऊन ती आपल्या कामाला लागते. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-11’ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार अशी अवस्था विकार ठरण्यासाठी ती व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध यावी लागते, समूहाने स्वीकारलेल्या सांस्कृतिक वा धार्मिक रीतीचा ती भाग नसावी लागते, आणि तिच्यामुळे व्यक्तीला गंभीर त्रास व्हावा लागतो किंवा तिचा दैनंदिन व्यवहार कोलमडावा लागतो. त्या बाईला तसे काही होत नसेल, तर तिच्या श्रद्धेविषयी आपले मत काहीही असो, निदानाचा प्रश्न उद्भवत नाही. याच बाईच्या अंगात स्वयंपाक करताना, बसमध्ये, वेळीअवेळी येऊ लागले आणि त्या भीतीने तिने घराबाहेर पडणे सोडले, तर मात्र तिला तज्ज्ञाची गरज आहे.

म्हणून आज भर दिला जातो तो व्यक्तीचा त्रास आणि तिच्या कार्यक्षमतेतील बाधा या दोन गोष्टींवर. त्यांतही एकटा त्रास पुरेसा नाही, कारण उन्मादाच्या झटक्यात जमीन विकायला निघालेला माणूस स्वतः अतिशय आनंदात असू शकतो. अमेरिकन अभ्यासक जेरोम वेकफील्ड यांनी 1992 मध्ये मांडलेली कसोटी मला या बाबतीत सर्वांत समाधानकारक वाटते: मनाच्या एखाद्या नैसर्गिक यंत्रणेत बिघाड असावा, आणि त्या बिघाडाने व्यक्तीचे नुकसानही होत असावे. यांपैकी एकच गोष्ट असेल, तर तो विकार नव्हे. स्वतःला किंवा इतरांना असलेला धोकाही तपासला जातो, पण मनोविकार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कोणालाही इजा करत नाहीत.

हे सगळे मान्य केले तरी रेषा नेमकी कुठे ओढायची, हा प्रश्न राहतो. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. 44 आणि 46 फुटांवरच्या पाण्यात मूलतः फरक नसतो, पण निर्णय घेण्यासाठी आकडा ठरवावाच लागतो. मानसिक विकारांच्या मर्यादाही अशाच अनुभवाने ठरवलेल्या असतात. जवळचे माणूस गेल्यानंतरचा तीव्र शोक आयसीडी-11 नुसार किमान सहा महिने टिकला आणि त्या समाजातील रूढ दुखवट्याच्या फार पुढे गेला, तर विकार मानता येतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या 2022 च्या आवृत्तीत प्रौढांसाठी हीच मुदत बारा महिन्यांची आहे. दोन अधिकृत ग्रंथांत सहा महिन्यांचा फरक असणे हा शास्त्राचा गोंधळ नव्हे. शोक आणि विकार यांच्यामध्ये निसर्गाने कुंपण घातलेले नाही, याची ती प्रामाणिक कबुली आहे.

प्रत्यक्ष निदानासाठी रक्तातील साखरेसारखी एखादी चाचणी उपलब्ध नाही. सविस्तर मुलाखत, घरच्यांकडून मिळालेली माहिती, वेशभूषा, बोलणे, विचार आणि स्मरण यांचे पद्धतशीर निरीक्षण, आणि गरजेप्रमाणे प्रमाणित प्रश्नावल्या, यांवर निष्कर्ष काढला जातो. थायरॉइड संप्रेरकाचे किंवा बी-12 जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी झाल्यानेही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात, त्यामुळे शारीरिक तपासणी टाळून केलेले निदान अपुरे समजावे. दोन तज्ज्ञांचे एकमत किती होते, हेही मोजले जाते. ‘डीएसएम-5’ च्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, जिथे 0 म्हणजे केवळ योगायोगाइतके आणि 1 म्हणजे संपूर्ण एकमत, तिथे आघातोत्तर ताणविकारासाठी (मोठ्या धक्क्यानंतर टिकून राहणारा विकार) 0.67 आणि तीव्र नैराश्यासाठी अवघे 0.28 इतका आकडा आला. एका भेटीत दिलेल्या निदानावर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागणे हा अविश्वास नाही, हे रुग्णाच्या नातेवाइकांनी यावरून नक्की समजून घ्यावे.

भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यातील बरेचसे शहाणपण कलम 3 मध्ये आणले आहे. समाजातील नैतिक, सांस्कृतिक, कामाविषयीच्या किंवा राजकीय मूल्यांशी अथवा धार्मिक समजुतींशी न जुळणे, या आधारावर कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी घेतलेले उपचार किंवा रुग्णालयातील वास्तव्य हेदेखील, संदर्भ म्हणून महत्त्वाचे असले तरी, तेवढ्यावरून ती व्यक्ती आज किंवा पुढे कधी मनोरुग्ण आहे असे ठरवण्यास पुरेसे नाही. प्रत्येक वेळी तिच्या त्या वेळच्या अवस्थेची नव्याने तपासणी करावी लागते.