एअरबॉक्स काढायच्या आधी हे वाचा
(जुन्या मोटरसायकलींच्या मालकांसाठी)

हातात नवेकोरे पॉड फिल्टर (एअरबॉक्स काढून, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडावर थेट बसवायचे उघडे फिल्टर) घेऊन ग्राहक गॅरेजमध्ये येतात आणि म्हणतात, "दादा, तेवढे बसवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे." बसवायला अर्धा तासही लागत नाही, हे खरं आहे. पण त्या फिल्टरशी कार्बोरेटर जुळवायला आमचा एक दिवस जातो, कधी दोन. ती जुळवणी झाल्याशिवाय आम्ही गाडी ग्राहकाच्या ताब्यात देत नाही. असं का, ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे पत्रक.

एअरबॉक्स म्हणजे फिल्टर ठेवायची नुसती डबी, असा समज आहे. पण ती इंजिनासाठी शांत हवेची टाकी असते. वारा समोरून येवो की बाजूने, शेजारून ट्रक जावो, कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा एकसारखी राहते. डबीतून आत येणाऱ्या नळीची लांबी आणि जाडीही कंपनीने त्या इंजिनासाठी ठरवलेली असते, त्यामुळे मधल्या आरपीएमला ओढ मिळते. टू-स्ट्रोक गाड्यांत हवा-पेट्रोलचा थोडा फवारा उलटा मागे येतो. येझदीसारख्या रीड व्हॉल्व्ह (मिश्रण उलटं जाऊ न देणारी झडप) नसलेल्या इंजिनात तो जास्तच येतो. डबी तो सामावून घेते. उघड्या पॉडमध्ये तोच फवारा फिल्टर ओला करतो आणि तुमच्या पँटवर उडतो.

आता मुख्य मुद्दा. डबी हवेला थोडी अडवते. त्यामुळे जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) तोंडाशी ओढ जास्त असते आणि पेट्रोल जास्त वर खेचलं जातं. मूळ जेट हा अडथळा धरूनच निवडलेले असतात. डबी काढली की हवा मोकळी होते, जेटवरची ओढ कमी होते आणि गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालू लागते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. म्हणजे १९८५ च्या जेटवर आजचं पेट्रोल घातलं तर गाडी आधीच थोडी लीन असते, आणि त्यावर आपण डबी काढतो.

लीन गाडी सुरुवातीला छान वाटते. आवाज भरदार येतो, रेस दिली की झटका लागतो. तो आवाज हवा खेचण्याचा असतो, ताकदीचा नव्हे. मागच्या मे महिन्यात एक यामाहा आरएक्स १०० टेम्पोत घालून आमच्याकडे आली. पॉड दुसरीकडे बसवलेला, जेट मूळचेच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याच्या पुढे पूर्ण रेसवर पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक लॉक झालं. त्या मुलाने वेळेत क्लच दाबला म्हणून तो बचावला. प्लग काढला तर चुन्यासारखा पांढरा, आणि पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं मिश्रणच पिस्टनला थंड ठेवतं. येझदीत तर तेलही पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं.

म्हणून आम्ही आधी फिल्टरला हातच लावत नाही. कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर तडकलंय का, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची उंची ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बरोबर आहे का, ठिणगीचं टायमिंग कुठे आहे, कम्प्रेशन किती, हे पाहतो. रबराला चीर असेल तर गाडी कितीही जेट बदलले तरी लीनच राहणार. तिथे कार्ब क्लीनरचा फवारा मारला आणि आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) बदललं, तर हवा गळतेय हे लगेच कळतं. डबी गेल्यावर कार्बोरेटर याच एका रबरावर लोंबकळतो. जड पॉडला आधार दिला नाही, तर नवं रबरसुद्धा काही महिन्यांत तडकतं.

पॉड निवडताना त्याच्या तोंडाच्या आतली कड बघा. कार्बोरेटरच्या तोंडात हवेची बारीक भोकं असतात. आतली कड जाड असेल तर ती भोकं झाकली जातात. मग जेट कुठलेही टाका, गाडी अडखळणारच. नवा फिल्टर, नवा जेट, सगळं ठीक, तरी मिसिंग जात नाही, अशा गाड्यांमध्ये हा दोष आम्हाला अनेकदा सापडला आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तो सुटतो.

मग जेटकडे वळायचं. मेन जेट आम्ही मुद्दाम गरजेपेक्षा मोठा घालून सुरुवात करतो आणि पायरी-पायरीने खाली येतो, कारण रिच (पेट्रोल जास्त असलेली) गाडी धूर काढते, लीन गाडी इंजिन खाते. मेन जेटचं राज्य पाऊण रेसच्या वर. मधल्या टप्प्यात नीडल (रेसबरोबर वर-खाली होणारी सुई) काम करते. तिची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. पाव रेसपर्यंत पायलट जेट. मिकुनीच्या व्हीएम कार्बोरेटरमध्ये फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा असतो. तो आत घेतला की मिश्रण रिच होतं, बाहेर काढला की लीन. बरेच जण इथे उलटं फिरवतात.

जेट अस्सल हवेत, हा आमचा आग्रह आहे. नकली जेटवरचा आकडा आणि आतलं भोक यांचा मेळ असेलच असं नाही. तारेने भोक मोठं केलेला जेट तर आम्ही परत बसवतच नाही.

शेवटची तपासणी रस्त्यावर. सकाळी वर्दळ नसताना गायमुखच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देतो, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करतो आणि गाडी बाजूला घेऊन प्लग काढतो. कॉफीसारखा तपकिरी रंग आला म्हणजे जमलं. पांढरा आला तर परत जेट. ठाणे समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे जमवलेली गाडी महाबळेश्वरला थोडी रिच चालेल, त्याने बिघडत नाही. पुण्यात जेटिंग केलेली गाडी विकत घेऊन इथे आणली असेल तर मात्र एकदा दाखवून जा.

राजदूत ३५० ला दोन कार्बोरेटर आहेत. दोन्ही पॉड एकाच मापाचे हवेत आणि दोन्ही प्लगचा रंग सारखा यायला हवा. बुलेटमध्ये आणि जुन्या होंडांत इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणारी) नळी डबीकडे जाते का, ते आधी पाहा. जात असेल तर तिला वेगळी बाटली लावावी लागते. १९६८ नंतरच्या होंडा सीबी ३५० ट्विनसारख्या, पडद्याच्या ओढीवर स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) उचलणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरवर आम्ही पॉड बसवत नाही. हवेचा दाब जरा हलला की त्यांची स्लाइड नीट उचलत नाही. त्या गाड्यांची डबी दुरुस्त करून घ्या, आम्ही मनापासून करून देऊ.

पावसाचं वेगळं सांगायला हवं. पॉड कार्बोरेटरच्या उंचीवर, मागच्या टायरच्या फवाऱ्यात येतो. घोडबंदर रोडला उन्हाळ्यात बांधकामाची बारीक धूळ आणि जूनपासून चिखल. ओला फिल्टर हवा अडवतो आणि गाडी पाण्यातच बंद पडते. ज्यांची गाडी रोज ऑफिसला जाते, त्यांना आम्ही डबीच ठेवा असं स्पष्ट सांगतो. तरी पॉड हवाच असेल तर वरून पाणी रोखणारं कापडी कव्हर घ्या. स्पंजचा फिल्टर पावसाळ्यात दर पंधरवड्याला रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुवा. सावलीत वाळवून फिल्टरचं तेल लावा आणि हाताने दाबून जास्तीचं तेल काढा, पीळ देऊ नका. कापसाच्या फिल्टरला त्याचंच तेल लागतं, इंजिन ऑइल नको. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही.

पीयूसीचंही बघावं लागतं. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना सीओची (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ४.५ टक्के आहे. भीतीपोटी जेट फार मोठा ठेवला तर गाडी तिथे नापास होते.

काढलेली डबी, नळ्या, क्लिपा, स्क्रू, सगळं पिशवीत घालून आम्ही गाडीबरोबर परत देतो. मूळचे जेटही त्यातच असतात, आकडे लिहून. भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९८५ ची आरएक्स २०३५ मध्ये पन्नाशीला येईल. तोवर तिची अस्सल डबी शोधायला किती दुकानं पालथी घालावी लागतील, याचा विचार आजच करा.

गाडी आणताना हे घेऊन या: मूळ फिल्टर आणि डबी (आधीच काढली असेल तरी), आता असलेल्या जेटचे आकडे माहीत असतील तर ते, आणि टाकीत ताजं पेट्रोल. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतल्या पेट्रोलवर जेटिंग करून उपयोग नाही. सकाळी दहाच्या आत आणलीत तर इंजिन थंड असतानाच तपासणी सुरू करता येते.