तळहात कोरडे, पाठ ओली: घामावरच्या शस्त्रक्रियेचा हिशेब

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर गेला की घाम सगळ्यांनाच फुटतो. पण ऐन थंडीतही परीक्षेचा पेपर भिजत असेल, हातातून मोबाइल निसटत असेल आणि झोप लागली की तळहात कोरडे पडत असतील, तर तो प्राथमिक अतिघाम, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळं न येणारा. तो बहुधा शाळकरी वयात सुरू होतो आणि दोन्ही हातांना सारखाच येतो. घामाच्या ग्रंथी धडधाकट असतात. त्यांना चालवणाऱ्या सिंपथेटिक नसा (आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या) गरजेपेक्षा जास्त काम करतात. झोपेतही अंग भिजत असेल, वजन उतरत असेल तर आधी थायरॉइड, मधुमेह आणि क्षयरोगाची तपासणी करायची.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय बरेच जण अर्ध्यात सोडतात. २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं. ओल्या हाताला लावलं तर आग होते. तळहातांसाठी आयन्टोफोरेसिस चांगलं: ट्रेमधल्या पाण्यात हात ठेवून १५ ते २० मिलिअँपिअर प्रवाह, २०-३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. इथं आपलं बोअरचं जड पाणी कामाला येतं, कारण त्यात क्षार असतात. जारच्या आरओ पाण्यातून प्रवाह नीट जात नाही; चिमूटभर खायचा सोडा टाकावा लागतो. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र हे करू नये. काखेत बोटॉक्स चालतं, एका काखेला साधारण ५० युनिट, पण काही महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं.

एवढं करूनही भागलं नाही, तर दुर्बिणीतून सिम्पथेक्टॉमी, म्हणजे याच सिंपथेटिक नसांचं काम थांबवणारी शस्त्रक्रिया. पूर्ण भूल देतात, काखेखाली ५ मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं पाडतात आणि त्या बाजूचं फुप्फुस थोडं मिटवतात. मग बरगड्यांच्या मुळांवरून खाली उतरणारी नसांची साखळी दिसते. तळहातांसाठी ती तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवर कापतात किंवा तिला क्लिप लावतात, मग दुसरी बाजू. टेबलावरच तळहात गरम आणि कोरडा होतो. शेवटी छातीचा एक्स-रे काढतात, फुप्फुसाभोवती हवा उरली नाही ना हे बघायला. पूर्वी छातीचा टीबी झालेला असेल तर फुप्फुस आतून चिकटलेलं असू शकतं आणि काम अवघड होतं. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. नाडी मुळातच मिनिटाला ५५ च्या खाली असेल तर ही शस्त्रक्रिया टाळतात, कारण त्यानंतर ती आणखी मंदावू शकते.

खरी अडचण पुढं येते. हाताचा घाम थांबतो, पण पाठ, पोट, मांड्या जास्त घामेजतात. बहुतेकांना हे थोडंफार होतं, काहींना इतकं की दिवसातून दोनदा सदरा बदलावा लागतो. उष्णता आणि अंगमेहनतीनं ते वाढतं. म्हणून थंडीत शस्त्रक्रिया करून खूश असलेल्या माणसाला खरा अंदाज पहिल्या उन्हाळ्यात येतो. उन्हात कापूस वेचणाऱ्याचा आणि एसीत बसणाऱ्याचा हिशेब इथं एक नाही. दुसऱ्या बरगडीवर नस तोडली तर हा त्रास वाढण्याची शक्यता जास्त, शिवाय पापणी लोंबण्याचा धोका. चौथ्या बरगडीवर तोडली तर हात किंचित दमट राहतील, पण पाठीच्या घामाचा त्रास कमी. आमच्या मते मराठवाड्याच्या हवेत हाच सौदा बरा.

क्लिप काढली की सगळं पूर्ववत होईल, असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. दाबलेली नस पुन्हा काम करेलच याची हमी नाही. सही करण्याआधी सर्जनला दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: कोणती बरगडी, आणि कापणार की क्लिप लावणार.